वरच्या मजल्यावरची डावी खोली

आई जाऊन महिना होत आला होता तेव्हा हेडबाईंचा फोन आला. हेडबाई म्हणजे आईची मैत्रीण. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. फोनवर त्या इकडचं तिकडचं बोलत नाहीत.

"अजून आईच्याच घरी आहेस ना?"

"हो. सामान आवरतेय."

"मग आवरता आवरता एक बघ. डाव्या खोलीचा कागद होत आलाय, असं ती म्हणायची. सापडला तर दोन आठवड्यांनी मंगळवारी घेऊन ये. नाही सापडला तर काही बिघडत नाही. आम्ही काहीतरी लावून देऊ. त्याच शनिवारी घर जायचंय."

'घर' म्हणजे बाहुलीघर. आई, हेडबाई, सिस्टर आणि धाकटी अशा चौघी मिळून अशी घरं बांधत. सिस्टर पूर्वी मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. धाकटीचं हार्डवेअरचं दुकान आहे. ती साठी ओलांडलेली, नातवंडांची आजी, पण चौघींत लहान म्हणून धाकटी. दुकानाच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी चौघी जमायच्या. खाली खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे, वर लाकडाचा भुसा, कापडाचे तुकडे आणि चहा. स्वतःला त्या 'बांधकाम खातं' म्हणवून घेत. वर्षा-दीड वर्षात एक घर व्हायचं आणि कुठल्यातरी इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डात नाहीतर बालवाडीत जायचं. प्रत्येकीने एकेक खोली करायची. जमीन, भिंती, सामान, पडदे सगळं तिचंच. घराच्या दाराशी पितळेची छोटी पाटी असायची, तिच्यावर चौघींची नावं.

यात आईचा लौकिक भिंतींचा होता. बाकीच्या जणी भिंतींना कापडाचे तुकडे चिकटवत, नाहीतर भेटवस्तूंचा कागद. आई मात्र प्रत्येक खोलीचा वॉलपेपर स्वतः रंगवायची. एका फुटाला एक इंच या मापाच्या खोलीत तिची वेल जमिनीपासून छतापर्यंत जायची. पानं तिळाएवढी आणि रेघ केसाएवढी. हेडबाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या आईची रेघ बघितली की मला वाटतं आपण आयुष्यभर फळ्यावर नुसतं गिरगटलं."

मी दुसऱ्या शहरात एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचं काम करते. आईच्या या उद्योगाबद्दल कुणी विचारलं तर सांगायचे, "तिला विरंगुळा आहे." चांगला शब्द आहे. तो वापरला की पुढे काही विचारावं लागत नाही.

'नाही सापडला तर काही बिघडत नाही' हे वाक्य मात्र मला बोचलं. आई काम अर्धवट सोडणाऱ्यांतली नव्हती. उसवलेली शिवण दिसली तर ती पाहुण्यांसमोर सुई काढायची. ती 'होत आलाय' म्हणाली म्हणजे कागद असणारच, आणि नसला तर... पुढचं मला मनातही म्हणवेना. मैत्रिणींनी तिच्या माघारी एकमेकींकडे बघावं आणि तिच्या खोलीला भेटवस्तूंचा कागद लावावा, हे मला नको होतं. बाकी काही नाही. पाटीवरच्या तिच्या नावामागे तिचंच काम असावं, एवढंच मला हवं होतं.

मी शोधलं. कपाटं, ट्रंक, पलंगाखालचे खोके. कामाचं टेबल स्वच्छ होतं. पेल्यात ब्रश उभे होते, धुतलेले, केस बोटांनी नीट टोकदार केलेले. पोस्टर कलरच्या बाटल्यांतला रंग वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पुठ्ठ्यातून कापलेले डाव्या खोलीच्या तिन्ही भिंतींचे साचे सापडले, खिडकीच्या जागी चौकोन कापलेले. कोऱ्या ड्रॉइंग पेपरची गुंडाळी सापडली. कागद सापडला नाही.

शिवणयंत्राच्या खणात एक पट्टी मिळाली, चार बोटं रुंद. फिकट पिवळ्यावर हिरवी वेल, दर काही पानांनंतर लाल ठिपक्याएवढं फूल. ही कुठल्यातरी जुन्या घराच्या कागदाची उरलेली कड. मी नोकरी बदलली त्या सुमाराला केलेल्या घराची असावी, म्हणजे दहा वर्षांपूर्वीची. मी ती खिडकीत धरून बघितली आणि ठरवलं की कागद सापडेल.

आधी सोपा रस्ता बघितला. पट्टीचा फोटो काढून संगणकावर जोडला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. टेबलावर तो छान दिसत होता. साच्यावर ठेवला तेव्हा कळलं की फूल उशीएवढं झालंय. त्या खोलीत कुणी बाहुली झोपली असती तर दचकून उठली असती. लहान करून पुन्हा छापला, एका तुकड्याला मैद्याची खळ लावून बघितली, तर सगळा हिरवा रंग फुटून पिवळ्यात उतरला. भिंतीला शेवाळ आल्यासारखं दिसू लागलं.

मग खोडरबर कोरून शिक्का केला. पानं आली, पण टपालाच्या शिक्क्यांसारखी, रांगेने. वेल कुठेच वाढत नव्हती.

शेवटी ब्रशच हातात घ्यावा लागला. कागद ओला करून फळीवर ताणायचा, कडांना चिकटपट्टी लावायची, मग रुंद ब्रशने पिवळा हात द्यायचा. पट्टीतला पिवळा निवळ पिवळा नव्हता. त्यात चहाचं पाणी घातलं की तो तसा होतो, हे दोन कागद वाया गेल्यावर समजलं. वाळला की पेन्सिलीने जेमतेम दिसतील अशा उभ्या खुणा करायच्या. नंतर सगळ्यात बारीक ब्रश. मी आधी वरून खाली रेघ ओढत होते, ती खाली येईपर्यंत जाड व्हायची. खालून वर ओढली तेव्हा जमली. वेल वाढते तशीच ओढायची. कोपर टेबलावर टेकवायचं, श्वास धरायचा, मनगट न हलवता दंड सरकवायचा.

माझा हात स्थिर आहे. हस्तलिखितांच्या समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या करण्यात माझी उमर गेली. रोज दुपारी, खिडकीतून ऊन टेबलावर यायचं तेव्हा मी बसायचे. हळूहळू माझ्या रेघेला तिच्या रेघेचं वळण आलं. पान काढताना ब्रश टेकवून किंचित फिरवायचा आणि उचलायचा, ही तिची लकब मला पट्टीवरून सापडली. तिसरी भिंत पुरी झाली त्या दुपारी मी पट्टी आणि कागद शेजारी ठेवून बघितले. कुठे पट्टी संपते आणि कुठे मी सुरू होते ते कळत नव्हतं.

मला आनंद झाला. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच झाला, आणि भरपूर झाला. ती माझ्या हातात उतरली आहे, असलं काहीतरी मी मनात म्हटलंसुद्धा. दुसऱ्या कुणाच्या लिखाणात हे वाक्य दिसतं तर मी खोडलं असतं.

मंगळवारी कागदाची गुंडाळी घेऊन मी दुकानाचा जिना चढले. खोलीच्या मधोमध टेबलावर घर उभं होतं, पुढची भिंत दारासारखी उघडलेली. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर उजवीकडे अभ्यासाची खोली, सगळं सामानसुमानासकट. वरची डावी खोली तेवढी उघड्या लाकडाची होती, एक दात पडल्यासारखी.

"या, या," धाकटी म्हणाली. "बांधकाम खात्यात स्वागत आहे. इथे कामं वेळेवर होत नाहीत, पण चहा होतो."

"स्वतःचं सांग," हेडबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघराचं दार कालपर्यंत बाहेर उघडत होतं. बाई घरात शिरणार की दारच अंगावर घेणार?"

"बिजागरी उलटी लागली एकदा. एकदाच! मरेपर्यंत ऐकवणार."

"मेल्यावरही ऐकवीन. मी आधी जाणार आहे म्हणून वाचलीस."

सिस्टर हसल्या नाहीत. त्या खिडकीपाशी बसून बोटभर लांबीच्या पलंगाला चादर शिवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सापडला का गं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तरही तयार होतं. एकच शब्द होता.

"सापडला."

मी गुंडाळी उलगडली. कडा वर येऊ नयेत म्हणून धाकटीने दोन कोपऱ्यांवर खिळ्यांच्या डब्या ठेवल्या. तिघी वाकून बघत राहिल्या. मला वाटलं, गहिवरल्या असतील.

"काय रेघ आहे!" शेवटी धाकटी म्हणाली.

"पानं बघ, किती एकसारखी," हेडबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "अगदी पूर्वीसारखी."

ते मी कौतुक म्हणून घेतलं. सिस्टर कागदाकडे बघतच नव्हत्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "छान झालाय हो कागद. चहा टाका कुणीतरी."

चहा झाला. चहा पिताना त्या आईबद्दल बोलल्या नाहीत. माझ्याबद्दलच विचारत राहिल्या. जेवतेस का, एकटीच असतेस का, परत कधी जाणार. मला ते बरं वाटलं. आपलं खोटं पचलं की माणूस उदार होतो. मी सगळ्या प्रश्नांना लांबलचक उत्तरं दिली, दुसरं बिस्किटही घेतलं.

धाकटीने खळीचं भांडं आणलं आणि रुंद ब्रश माझ्या हातात दिला. "तूच लाव. पण आधी सही."

"कसली सही?"

"आईने सांगितलं नव्हतं?" हेडबाई म्हणाल्या. "कागद लावण्याआधी उघड्या लाकडावर सही करायची. नंतर ती कागदाखाली जाते, कुणाला दिसत नाही. पण जिची सही भिंतीवर तिचंच नाव पाटीवर. तुझ्या आईनेच केलेला नियम आहे. एक बाई देणगी देऊन पाटीवर नाव लावायला आल्या होत्या, तेव्हा तिने त्यांना विचारलं, तुमची सही कुठल्या भिंतीवर आहे? त्या परत आल्या नाहीत."

"मग आईची मी करते," मी म्हटलं. "तिची सही मला छान येते. शाळेत प्रगतिपुस्तकावर पुष्कळदा केलीय. तुमच्याच शाळेत, हेडबाई."

"मला माहीत होतं," हेडबाई म्हणाल्या. धाकटी जरा जास्तच मोठ्याने हसली.

"तू तुझी कर," सिस्टर म्हणाल्या. "तिची..."

पण मी तोवर ब्रश धाकटीकडे परत देऊन, टॉर्च आणि पेन्सिल घेऊन खोलीत डोकं घातलं होतं. लाकडाच्या त्या पेटीत आवाज घुमतो, त्या पुढे काय बोलल्या ते मला कळलं नाही. टॉर्चच्या उजेडात मागच्या भिंतीवर, खिडकीच्या खाली, पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. अक्षर नव्हतं, आकडाही नव्हता. एखादी मुंगी शाईत पडून बाहेर यावी आणि लाकडावरून भेलकांडत जावी तशी ओळ. धाकटीची नातवंडं इथे खेळतात, हे मला माहीत होतं. आईच्या खोलीत कुणी गिरगटून ठेवावं याचा मला रागच आला. खिशात खोडरबर होतं. मी ते घासून घासून पुसलं. लाकूड मऊ होतं, खुणा आत रुतल्या होत्या, म्हणून बोटाने दाबूनही घासलं. लाकूड पांढरं निघाल्यावर चुरा फुंकून टाकला आणि डोकं बाहेर काढलं.

"कुणा पोराने गिरगटलं होतं आत," मी म्हटलं. "पुसून टाकलं."

धाकटीच्या हातातला खळीचा ब्रश टेबलावर ठिबकत होता.

"पुसलं?" ती म्हणाली.

"हो. का?"

तिने हेडबाईंकडे बघितलं. हेडबाई सिस्टरकडे बघत होत्या. सिस्टरनी मांडीवरची चादर उचलून टेबलावर ठेवली, सुई काळजीने चादरीत खोवली आणि म्हणाल्या, "बस इथे."

मी बसले.

"ती तुझ्या आईची सही होती."

मी म्हणाले, "नाही." ठामपणे म्हणाले. आईची सही मला माहीत होती. पहिलं अक्षर उंच, शेवटच्या अक्षराची शेपटी खालून फिरून सगळ्या नावाखाली रेघ व्हायची. "आईची सही अशी नव्हती."

"नव्हती," सिस्टर म्हणाल्या. "दोन वर्षांपासून अशी होती. हात थरथरायचे तिचे. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरकडे मीच घेऊन गेले होते. गोळ्या सुरू होत्या. त्याने जीवाला काही होणार नव्हतं. ती गेली ती हृदयाने, ते वेगळं. पण सुईत दोरा आम्ही ओवून द्यायचो. चहा अर्धा कप द्यायचो."

अर्धा कप. गेल्या वेळी आले होते तेव्हा आई अर्धाच कप चहा घेत होती. मी तिला म्हटलं होतं, हे काय औषधासारखं पितेस, आणि आम्ही दोघी हसलो होतो. बँकेचा कागद भरायचा होता तेव्हा म्हणाली, तूच लिही, माझा चष्मा सापडत नाही. चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी तोही तिला काढून दाखवला, आणि कागद मीच भरला. फोनवर तिचे निरोप यायचे त्यांत अक्षरं दोनदोनदा उमटलेली, काने-मात्रे भलतीकडे. मी ते दुरुस्त करून तिलाच परत पाठवायचे. गंमत म्हणून. मग ती लिहिनाशी झाली. सकाळी नुसतं एक फुलाचं चित्र पाठवायची. मला वाटलं, म्हातारपणी सगळेच असली चित्रं पाठवतात.

"मला का सांगितलं नाही?" हा प्रश्न मी आईला विचारत होते की या तिघींना, मलाच समजेना.

"तिने बजावून ठेवलं होतं," हेडबाई म्हणाल्या. "म्हणायची, माझ्या लेकीला चूक दिसली की ती दुरुस्त करायला धावते. आणि हे काही दुरुस्त होणारं नाही. मग बिचारीने करायचं काय?"

"कौतुकाने म्हणायची हो," धाकटी घाईने म्हणाली. "टोमणा नव्हता."

तो टोमणा असता तर मला सोसलं असतं.

"कागद तिने केलाच नव्हता?"

"केले की," सिस्टर म्हणाल्या. "माझ्यासमोर करायची आणि माझ्यासमोर फाडायची. मी मनगट धरून बसायचे. मी म्हटलं, राहू दे गं, वारा सुटल्यावर वेल अशीच दिसते. तर म्हणे, घरात वारा कुठून येणार?" त्या थोड्या हसल्या. "शेवटी एक दिवस म्हणाली, सही तरी करून ठेवते. कागद होईल तेव्हा होईल. पुष्कळ वेळ लागला तिला. आम्ही तिघी खिडकीतून बाहेर बघत बसलो. तिला कुणी बघितलेलं आवडत नसे."

कागद अजून टेबलावर पसरलेला होता. दोन डब्यांखाली दबलेला, पिवळा, तीन भिंतींचा. एकही पान हललेलं नव्हतं. मी माझ्या आईची दहा वर्षांपूर्वीची रेघ काढून आणली होती, आणि जिने शेवटची दोन वर्षं तिचं मनगट धरून ठेवलं त्या सिस्टरना सांगितलं होतं की ही आईचीच.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. "मी कागद उलगडला तेव्हाच."

धाकटी ब्रशने ठिबकलेली खळ टिपायला लागली.

"तेव्हाच," हेडबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही काय रेघ आहे म्हणालात."

"मग काय म्हणायला हवं होतं? रेघ चांगलीच आहे." त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा कडक झाला, आणि मला त्याचा आधार वाटला. "पोर आईविना झालीय, काहीतरी हौसेने करून आणलंय. आता तिला उभं करून जाब विचारायचा?"

मला कुठे बघावं कळेना. मघाशी घेतलेलं दुसरं बिस्किट आठवलं. ती लांबलचक उत्तरं आठवली. तिघी मला सांभाळून घेत होत्या आणि मी समजत होते की मीच त्यांना काहीतरी दिलं आहे. आई दोन वर्षं माझ्यापासून जे लपवत होती ते या खोलीत दर मंगळवारी उघडं असायचं, कपात, सुईत. तिने मागे ठेवलेली एकच खरी गोष्ट या घरात होती, आणि ती मी बोटाने दाबून पुसली. लाकूड पांढरं निघेपर्यंत.

"कागद मी केलाय," मी म्हटलं. आता त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. पण मला ते एकदा तोंडाने म्हणायचं होतं. "आईचा सापडला म्हणाले ते खोटं होतं."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

खाली दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं. तो आवाज थांबला. मग धाकटीने विचारलं, "पाटीचं काय करायचं? उद्या कोरायला द्यायचीय."

"काय करायचं म्हणजे?" सिस्टर म्हणाल्या.

"सही आपण तिघींनी बघितली होती ना. आता नाहीये, पण होती. आपण साक्षीला आहोत. घालू तिचं नाव. कोण विचारणार आहे?"

हेडबाई घरासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि डाव्या खोलीत बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग. लेक तू आहेस."

मला 'घाला' म्हणायचं होतं. मी आले होते तीच यासाठी. तिचं नाव पाटीवर आलं असतं तर मी त्या दुपारी जे केलं ते निम्मं तरी भरून निघालं असतं. तोंडात शब्द होता. पण मला ती देणगीवाली बाई दिसली, आणि तिच्यासमोर आई, कमरेवर हात ठेवून. तुमची सही कुठल्या भिंतीवर आहे?

"आईला चाललं नसतं," मी म्हटलं.

धाकटीला हसू फुटलं. "नसतंच चाललं! तिने पाटी उपटून माझ्या हातात दिली असती."

"वर म्हणाली असती, पितळ वाया घालवलंत," हेडबाई म्हणाल्या. सिस्टरही हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. त्या सबंध दुपारी आईबद्दल मी बोललेली ही एकच गोष्ट त्यांना पटली. मला हसू आलं नाही. मी हसण्याच्या जवळ कुठेतरी जाऊन परत आले.

"मग तुझी सही कर," हेडबाई म्हणाल्या. "सहीशिवाय कागद लागत नाही."

"माझं नाव पाटीवर येईल."

"येईलच. कागद तुझा आहे."

"तिच्या जागी?"

"तिच्या जागी नाही. त्या खोलीच्या कागदासाठी. इस्पितळातल्या पोरांना काय, तू काय आणि ती काय." त्यांनी पेन्सिल पुढे केली. त्या दया दाखवत नव्हत्या आणि शिक्षाही देत नव्हत्या. तास संपत आला होता आणि काम व्हायचं होतं.

मी खोलीत डोकं घातलं. पुसलेली जागा टॉर्चच्या उजेडात बाकीच्या लाकडापेक्षा उजळ दिसत होती. तिच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन, दाराच्या मागच्या कोपऱ्यात, मी माझी सही केली. स्वच्छ आली. वाचता येण्यासारखी.

मग खळ लावली. भिंतीला एक हात, कागदाच्या पाठीला एक हात. धाकटीने खालची कड धरली, मी वरची. खिडकीचा चौकोन खिडकीवर बरोबर बसला. सिस्टरनी मऊ फडकं घेऊन मधून कडेकडे हवा काढायला सुरुवात केली. पिवळ्या भिंतीवर वेली उभ्या राहिल्या आणि खोली एकदम राहती वाटू लागली. खिडकीखाली मात्र, मी घासलं होतं तिथे, लाकडाचं तोंड उघडं पडलं होतं. त्याने खळ पिऊन टाकली आणि तेवढ्याच जागेत कागद फुगला. नखाएवढा फुगवटा. त्यावरून गेलेली एक वेल तिथे किंचित वाकडी झाली.

मी पटकन बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस," हेडबाई म्हणाल्या. "ओला आहे. फाटेल."

"पण तो तसाच राहिला तर?"

"राहील नाहीतर वाळल्यावर बसेल. आता काही करायचं नाही."

माझी बोटं आपोआप तिकडे जात होती. ती मी मागे घेतली, पाठीशी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले, आणि कागद वाळेपर्यंत तशीच उभी राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी. तिघी आपापल्या कामाला लागल्या. बराच वेळ झाल्यावर सिस्टर चादरीवरून वर न बघता म्हणाल्या, "बसलीस तरी चालेल." मी बसले नाही.